निळे पाणी

कर्करोग संशोधनासाठी निधी गोळा करत, सहाशे किलोमीटर सायकल हाणत आलेली मंडळी प्रयोगशाळेच्या दारात बूट काढत होती, आणि आत दाखवण्याजोगे काही नव्हते. वाढवायला ठेवलेल्या पेशींत बुरशी शिरल्यामुळे तीन महिन्यांचे काम तिथल्या संशोधिकेने आदल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने जाळायला पाठवले होते.

"काहीतरी फिरताना दिसू दे," प्रमुख म्हणाले होते. "त्यांना काय बुरशी दाखवणार?"

आपण केवळ हुकूम पाळला, असे म्हणणे तिला सोयीचे झाले असते. पण युक्ती तिचीच होती. नळ्यांत निळा रंग कालवलेले पाणी भरायचे आणि नमुन्यातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात त्या गरगर फिरवायच्या. फोटोत उठून दिसावा म्हणून रंगाची मात्राही तिने दोनदा बदलली. हवेतून वस्तू काढणाऱ्या बुवांची हातचलाखी भर सभेत उघडी पाडणारी बाई ही.

पाहुण्यांत तिचे वडीलही होते. "बाबा, घरबसल्या चेक पाठवा, गुडघे तरी वाचतील," असे ते सायकलवर निघण्यापूर्वी तिने सुनावले होते. "वाचवून ठेवू कुणासाठी?" एवढेच ते म्हणाले होते. आई जाऊन दोन वर्षे झाली होती.

यंत्र घुमू लागले.

"आपल्यापेक्षा जोरात चाललंय की," त्यांचे बेकरीवाले मित्र म्हणाले.

"जरा गप्प बसा हो." वडिलांनी हेल्मेट काढून काखेत धरले आणि आजाऱ्याच्या उशाशी बोलावे तशा आवाजात विचारले, "यात कुणाचं आहे?"

"म्हणजे?"

"नमुना गं. तुझ्या आईचाही घेतला होता ना."

रुग्णाची ओळख गुप्त ठेवतात, हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होते. ते खरेही होते. त्यामुळेच ते देण्याची तिला लाज वाटली.

"पाणी आहे, बाबा. रंग घातलेलं."

"मग फिरवतेस कशाला?"

"तुम्ही सगळे एवढ्या लांबून आलात म्हणून."

"दमलोय आम्ही. लहान नाही." ते रागावले नव्हते, रागावले असते तर तिला बरे वाटले असते. "खरं काय आहे ते दाखव."

तिने पेशी वाढवण्याच्या उबदार कपाटाचे दार उघडले. रिकाम्या स्टीलच्या फळ्या, स्पिरिटचा वास. "इथे होत्या. बुरशी लागली, सगळं गेलं. चूक बहुधा माझीच."

"परत करणार?"

"सोमवारपासून."

त्यांनी बराच वेळ आत पाहिले. मग वळून हाक दिली, "या सगळे. रांगेनं या. काम इथे चालतं."

बेकरीवाले पोट सावरत वाकले. त्यांच्यामागून एकेक जण त्या रिकाम्या फळ्यांकडे तितक्याच आदराने बघत होता आणि तिला "आभारी आहोत" म्हणून पुढे सरकत होता. दार धरून उभ्या असलेल्या तिला मान खाली घालण्याचीही सोय नव्हती. खाली, वाकून बघणाऱ्यांचे चेहरे होते. पाठीमागे निळे पाणी अजून फिरतच होते.