जाळी वाळेपर्यंत

मित्रांनो, कॉफी गाळण्याचे एक जुने भांडे तुमच्याशी बोलत आहे. माझी दांडी आणि जाळी समुद्रापलीकडून आली. अंग मात्र नगरच्या तांबटाने घडवले. एकाच देहात दोन गावे घेऊन राहणाऱ्याला कोणत्या गावचा म्हणावे, हे मला ठाऊक नाही. मी असा कसा झालो, तेवढे मात्र सांगता येईल.

जन्मलो तेव्हा मी काचेचा होतो. उभी, सरळ काच, वर पितळी झाकण, झाकणाच्या मधोमध खाली उतरणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला तारेची गोल जाळी. काचेत कॉफीची पूड आणि गरम पाणी घालायचे, थोडे थांबायचे आणि मग दांडी दाबायची. जाळी पुडीला तळाशी नेऊन बसवते आणि वर कॉफी उरते. यापलीकडे मला काही येत नाही.

इटलीतल्या एका कारखान्यात मी तयार झालो. ज्यांनी मला जोडले त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत. त्यांना माझा आठवत असेल, असेही वाटत नाही. लष्करातल्या एका इंग्रज डॉक्टरने मला विकत घेतले आणि महायुद्धाच्या दिवसांत त्याच्या सामानातून मी नगरला आलो. भिंगारच्या बाजूला, छावणीत, त्याचा बंगला होता. तिथे दिलावर नावाचा खानसामा होता. माझी खरी हकिगत त्याच्या हातांपासून सुरू होते.

डॉक्टरच्या मेमसाहेबांनी त्याला माझी रीत शिकवली. आधी भांड्यात नुसते गरम पाणी फिरवून ओतून द्यावे, म्हणजे थंड काच कॉफीची ऊब पिऊन टाकत नाही. पाण्याला उकळी आली की ते चुलीवरून उतरवावे आणि उकळीची खळखळ बसू द्यावी. खळखळते पाणी पुडीला करपवते. प्रथम पूड भिजेल एवढेच पाणी घालावे. ती फुगून वर येते, तिच्यावर फेस धरतो, तेव्हा उरलेले पाणी घालून लाकडी पळीने एकदा ढवळावे आणि झाकण ठेवावे. मग थांबावे.

किती थांबावे, हे मेमसाहेब मनगटावरच्या घड्याळात पाहत. दिलावरकडे घड्याळ नव्हते. तो पानाचा विडा लावी. पान पुसायचे, चुना-कात लावायचा, सुपारी कातरायची, घडी घालायची. विडा तोंडात गेला की कॉफी झाली. विडा घाईने लावला तर कॉफी पाणचट होई आणि रमतगमत लावला तर कडवट, म्हणून त्याच्या विड्याला एक ठरलेली चाल आली होती. शेवटी तो तळहात दांडीवर ठेवी आणि तळहाताच्या वजनाएवढाच भार देई. जोर करायचा नाही, हे मेमसाहेबांनी त्याला पुनःपुन्हा बजावले होते. गाळलेली कॉफी लगेच, सगळीच्या सगळी, किटलीत ओतायची. गाळावर उभी राहिली की ती कडू होत जाते. त्यानंतर माझी जाळी सुटी करून धुवायची आणि उन्हात वाळवायची. ओली जाळी झाकली तर दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला कुबट वास येतो. हा शेवटचा नियम दिलावरने कधी मोडला नाही. जाळी वाळेपर्यंत तो घरीसुद्धा जात नसे.

त्या वर्षांत माझे कौतुक पुष्कळ झाले. पाहुणे मला हातात घेऊन पाहत. दिलावरला कुणी हातात घेऊन पाहिले नाही. तो दाराआड उभा राहून रिकाम्या पेल्यांकडे पाही आणि पेल्यात काही उरले नसेल, तर त्याचा दिवस चांगला जाई.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात डॉक्टर मायदेशी निघाला. सामान कमी करायचे होते म्हणून त्याने मला दिलावरला दिले. अशा रीतीने मी वेशीजवळच्या एका बोळात, दिलावर आणि त्याची बायको बिस्मिल्ला यांच्या घरी आलो. बिस्मिल्लाने माझी दांडी वरखाली करून पाहिली, पिचकारीसारखी. त्या दिवसापासून माझे नाव दट्ट्या पडले.

त्या घराला शेजार होता छगन तांबटाचा. मधे छातीएवढी भिंत. छगन फारसा बोलत नसे. त्याची बायको मुक्ताबाई त्याच्या वाटचेही बोले. भिंतीवरून दिवसभर देवघेव चाले. चिंच इकडे येई, कैऱ्या तिकडे जात. पण मुक्ताबाई या घरचे पाणी पीत नसे. तेव्हाच्या चालीरीतीच तशा होत्या. ईदेला बिस्मिल्ला तिच्याकडे शिजवलेला शिरखुर्मा पाठवत नसे. कोऱ्या शेवया, साखर आणि खारका सुपात घालून देई, आणि मुक्ताबाई आपल्या चुलीवर खीर करी. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे तर ती बोटानेही शिवत नसे. याबद्दल कुणी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. दिलावर मात्र ईदेच्या दिवशी रिकामे सूप परत येईपर्यंत दारात उभा राही.

छावणीतले बंगले एकेक करून रिकामे होत होते. दिलावरला दुसरे काम मिळेना. भाकरी-कोरड्यास खाणाऱ्या घरांना खानसामा कशाला लागतो? त्याचा धाकटा भाऊ लालमहंमद कराचीला गेला होता. तिथे एका मोठ्या हॉटेलात कामाला लागला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर निरोप धाडत होता, की खोली घेतली आहे, निघून या. बिस्मिल्लाला जायचे नव्हते. तिचे एक मूल या गावच्या मातीत होते. ती हे बोलत नसे. नुसती गुरुवारी जाऊन येई.

दिलावर एकदा तिला म्हणाला, “इथं माझ्या हाताचं आता कुणाला काय काम?”

या प्रश्नाचे उत्तर हिवाळ्यात चालून आले, असे तिला वाटले. पुणतांब्याच्या बाजूला एक नवा साखर कारखाना उभा राहत होता. त्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यासाठी खानसामा हवा होता. व्यवस्थापक दक्षिणेकडचा, कॉफीवर जीव असलेला. तो नगरच्या डाकबंगल्यात उतरला होता. त्याने भाजलेल्या बियांची पुडी दिलावरकडे धाडली आणि उद्या सकाळी कॉफी पाजायला या, असे सांगितले.

मित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बंगल्यात कॉफी येई ती मुंबईहून, डब्यात, दळलेली. ती किती जाडी असते, याकडे दिलावरने कधी पाहिले नव्हते. डबा उघडायचा आणि चमच्याने घ्यायची, एवढेच त्याला ठाऊक. दळण्याचे काम बिस्मिल्लाने आपणहून घेतले. पाहुण्यासाठी दळायचे म्हणजे बारीक दळायचे, हे तिला कुणी शिकवावे लागले नव्हते. तिने जाते स्वच्छ धुतले, वाळवले, अर्ध्या बिया घातल्या. एकदा दळले. मन भरले नाही म्हणून पुन्हा दळले आणि मलमलीच्या ओढणीतून चाळले. पूड बोटांवर घेऊन तिने नवऱ्याला दाखवली. “सुरम्यासारखी झालीय,” ती म्हणाली. इतकी आनंदात मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

डाकबंगल्यात दिलावरने सगळे रीतीप्रमाणे केले. काचेला ऊब दिली, खळखळ बसू दिली, विडा लावला. मग दांडीवर तळहात ठेवला. दांडी खाली जाईना. तो सुरमा माझ्या जाळीवर चिखलासारखा बसला होता. पाण्याला वाटच नव्हती. समोर व्यवस्थापक पेला घेऊन बसलेला. दिलावरने थोडा भार वाढवला, मग आणखी. ज्या हाताने कधी जोर केला नव्हता, त्याने जोर केला. कडेने गरम पाणी उसळले, दांडी तिरकी झाली आणि माझी काच कुशीतून उलली.

व्यवस्थापक भला माणूस होता. त्याने आधी दिलावरच्या भाजलेल्या मनगटाला तूप लावायला लावले, मगच काचा उचलू दिल्या. पण कामावर त्याने दुसऱ्याला घेतले. माझे झाकण, दांडी आणि जाळी रुमालात बांधून दिलावर घरी आला.

बिस्मिल्लाने जाळी पाहिली आणि तिला सगळे कळले.

“पीठ माझं बारीक होतं,” ती म्हणाली.

“हात माझा होता,” दिलावर म्हणाला.

काही दिवसांनी कराचीचे ठरले. बिस्मिल्लाने सामान बांधायला घेतले आणि त्यात मी निघालो. जाळीत अडकलेला गाळ ती भिंतीशी बसून काडीने काढत होती. पलीकडून मुक्ताबाईने मान वर काढली आणि हा कसला चिखल, असे विचारले. बिस्मिल्लाने झालेले सांगितले. मुक्ताबाईने तो गाळ दुरूनच पाहिला.

“येवढं बारीक?” ती म्हणाली. “सायबाला काय कॉफीची पुरनपोळी घालनार हुतीस? अगं, लापशीला गहू भरडतो, तसं भरडायचं. जाळीतनं पानी जायला नगं व्हय?”

बिस्मिल्ला हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मुक्ताबाईने भिंतीवरून हात लांब केला आणि माझे तुकडे मागून घेतले. धातूला तिची हरकत नव्हती.

ते तिने छगनपुढे नेऊन ठेवले. छगनने सुतळीने माझ्या जाळीचा घेर मापला. कराचीला जाताना नगरचे काहीतरी बरोबर असू दे, एवढेच तो म्हणाला. मग तांब्याचा पत्रा कापून त्याने मला नवे अंग दिले. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. तांबटाचा हात घागरीच्या पोटाला सरावलेला असतो. मला पोट असून चालणार नव्हते. वरपासून खालपर्यंत घेर एकसारखा हवा, नाहीतर जाळी कुठे अडते आणि कुठे सैल पडते. त्याने मला ठोकले, जाळी घालून पाहिली, पुन्हा तापवले, पुन्हा ठोकले. शेवटी आतून कल्हई केली. काचेतून मला सगळे दिसत असे. तांब्यात आल्यावर नुसते ऐकू येऊ लागले, म्हणून यापुढचे बरेचसे मी ऐकलेले आहे.

निघायच्या दिवशी सकाळी वळकट्या दारात होत्या आणि टांगा सांगितलेला होता. छगन मला घेऊन आला. त्याच्या मागे मुक्ताबाई उंबऱ्यापर्यंत आली. दिलावरने माझ्यावरून हात फिरवला आणि बांधून टाकायला सांगितले. गळते का ते पाहिल्याशिवाय बांधायचे नाही, असे बिस्मिल्ला म्हणाली. उरलेल्या बिया तिने आदल्या दिवशीच भरडून ठेवल्या होत्या. मग दिलावरने चूल पेटवली.

खळखळ बसली. भरड भिजली, फुगली. बिस्मिल्लाने पानाचा डबा पुढे सरकवला. सुपारी कातरल्याचा आवाज सावकाश येत होता. त्याची चाल तीच होती. मग तळहाताचा भार दांडीवर आला आणि जाळी कुठेही न अडता खाली गेली. वास बोळात पसरला असावा, कारण कुणीतरी बाहेरून हे काय शिजते आहे, असे विचारले.

दिलावरने दोन पेले भरले. एक बायकोचा, एक स्वतःचा. शेजाऱ्यांना विचारण्याची रीत नव्हती. विचारून त्यांना अवघडवायचे नाही, हा त्या घराचा शिष्टाचार होता. माझ्यात अजून कॉफी होती. तेव्हा उंबऱ्यावर काहीतरी वाजले. मुक्ताबाईने घरून आणलेले फुलपात्र फरशीवर ठेवले होते.

“तांब्याचं हाय ना आता ते?” ती म्हणाली. “मग वत इकडं.”

दिलावर मला घेऊन उंबऱ्याशी गेला. फुलपात्र भरले. मुक्ताबाईने घोट घेतला.

“कडू हाय लई,” ती म्हणाली. आणखी एक घोट घेऊन म्हणाली, “गूळ हाय का घरात, का तोबी बांधला?”

गूळ निघाला. फुलपात्र रिकामे झाले आणि पुन्हा पुढे आले. छगननेही आपली वाटी त्याच्या शेजारी ठेवली. दिलावर दोन्ही रिकाम्या भांड्यांकडे पाहत राहिला असावा, कारण टांगेवाल्याने बाहेरून दोनदा हाक मारली तरी त्याने ओ दिली नाही. मग तो उठला, त्याने माझी जाळी सुटी केली, धुतली आणि अंगणात उन्हात ठेवली.

टांगेवाला दारात येऊन गाडी चुकेल म्हणाला.

“जाळी वाळायचीय,” दिलावर म्हणाला.

हिवाळ्याचे ऊन कोवळे होते. जाळी सावकाश वाळली. ती वाळली तेव्हा गाडी निघून गेली होती, आणि बिस्मिल्ला वळकटी सोडत होती.

मित्रांनो, पुढे फार काही घडले नाही. दिलावरला स्टेशनाजवळच्या एका खाणावळीत काम मिळाले. खानसाम्याचे नाही, आचाऱ्याचे. तिथे सगळे चहा पितात. मी फळीवर असतो. माझी कल्हई विटली आहे आणि जाळीची एक तार तुटली आहे. अधूनमधून, ईदेच्या दिवशी, मला खाली काढतात, आणि कॉफी झाली की भिंतीपलीकडून कुणीतरी विचारते, गूळ घातला का?

तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे भांडे असेल. त्याच्यात भरड घाला, पीठ घालू नका. त्याच्यावर जोर करू नका. आणि पिऊन झाल्यावर त्याला ओले टाकून उठू नका. त्याची जाळी उन्हात ठेवा आणि ती वाळेपर्यंत जवळ थांबा. कुठे जायचे असेल, तर मग जा.