एक सूत लाकूड

मित्रांनो, मी एक व्हायोला आहे. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा ना. अंगाने थोडा मोठा, आवाजाने जाड. तसा मी फार जुना नाही. पण माझी पाठ शिवणीच्या लाकडाच्या ज्या फळीतून कोरली, ती फळी जुनी आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते तिच्यापासूनच सुरू होते.

ही फळी पाचूबंदर या समुद्रकाठच्या गावी गॅब्रिएल सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभी असे. गॅब्रिएल होड्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा. त्याची बायको एमिली मासळी विकायची. मुलगा केनी स्वतःची होडी घेऊन समुद्रावर जायचा. धाकटी ब्रेंडा चर्चमध्ये मुलांना व्हायोलिन शिकवायची. रविवारी केनी गायनमंडळात गायचा. चार आवाजांतला तिसरा, जाड आवाज त्याचा होता.

एका वर्षी मासेमारीच्या पावसाळी बंदीत केनीची होडी दुरुस्तीसाठी शेडसमोर ओढून आणली. तळाची एक फळी आतल्या बाजूने कुजली होती. ती बदलायलाच हवी होती. पण बंदी उठायला चार दिवस उरले होते आणि तेवढ्या लांबीची चांगली फळी हाताशी नव्हती. गॅब्रिएलने रंधा घेतला आणि कुजलेला भाग तासून काढला. सुतारांच्या मापात एका इंचाचे आठ सूत होतात. आठ सुतांची फळी पाच सुतांवर आली. त्याने वरून डांबर फासले. केनीला त्याने यातले काहीच सांगितले नाही. मी, म्हणजे माझी पाठ, भिंतीशी उभी राहून ते पाहत होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होडी बुडाली. होडीवर केनी आणि त्याचा मित्र रॉकी असे दोघेच होते. रॉकी रिकाम्या डब्याला धरून तरंगला आणि वाचला. केनीचा देह तिसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागला. होडी कधीच सापडली नाही. रॉकीने सगळ्यांना सांगितले, "मोठी लाट आली, होडी उलटली." गॅब्रिएलने ते ऐकून घेतले. त्यानंतर तीन वर्षे त्याने एकाही होडीला हात लावला नाही. शेजाऱ्यांना बाकडी, पाट असले काही करून द्यायचा. पण त्याचा साधा पाटही इतका जाड असायचा की उचलायला दोन माणसे लागत.

केनीनंतर गायनमंडळात तिसरा आवाज रिकामाच राहिला. मंडळाचा प्रमुख जोएल एकदा ब्रेंडाला म्हणाला, "माणूस मिळत नसेल तर व्हायोलावर ती ओळ वाजवता येईल." व्हायोला विकतही आणता आला असता. पण ब्रेंडाला वडिलांचे हात पुन्हा चालायला हवे होते. ती घरी येऊन म्हणाली, "डॅडी, तू बनव. केनीची ओळ मी वाजवते."

गॅब्रिएलने हातातला पाट खाली ठेवला. मग उठला आणि त्याने ती शिवणीची फळी भिंतीपासून ओढली.

माझ्या पोटासाठी, म्हणजे तारांखालच्या पुढच्या बाजूसाठी, गोखिवऱ्याच्या एका कारखान्यातून मशीनच्या खोक्याची पाइनची फळी आणली. तिच्या लाकडातल्या रेषा सरळ आणि एकमेकींना लागून होत्या. जोएलने एक नकाशा आणून दिला. त्यात माझ्या अंगाची जाडी कुठे किती हवी ते लिहिले होते. पोट मध्यभागी तीन मिलिमीटर, कडेकडे त्याहून पातळ. पाठ मध्यभागी साडेचार, मग हळूहळू कमी. ब्रेंडाने गॅब्रिएलला समजावून सांगितले, "तीन मिलिमीटर म्हणजे तुझं एक सूत."

"एक सूत?" गॅब्रिएल म्हणाला. "एक सुताची फळी कोन लावते? खोक्याला पन नाय लावत."

"डॅडी, ही होडी नाही. ह्याला पाण्यात नाही जायचं."

त्याने माझ्या आतल्या बाजूला पेन्सिलने गोल काढले आणि प्रत्येक गोलात जाडीचा आकडा लिहिला. पण जोएलच्या प्रत्येक आकड्यात त्याने स्वतःचे एक सूत वाढवले. ब्रेंडाला त्याने ते सांगितले नाही. महिनाभर तो पटाशी चालवत होता, छोटा रंधा फिरवत होता, काचेच्या तुकड्याने खरवडत होता. काम फार सुबक झाले. मग सरस लावून त्याने मला बंद केले आणि तारा चढवल्या.

चर्चमध्ये ब्रेंडाने गज ओढला. मित्रांनो, काय सांगू? गोधडीखाली तोंड दाबून कोणी बोलावे तसा माझा आवाज आला. पहिल्या बाकापर्यंतही तो पोहोचेना. जोएलने माझ्या पोटावर टिचकी मारली आणि हळूच म्हणाला, "अंकल, लाकूड जाड राहिलंय. हलतच नाही. उघडून खरवडावं लागेल."

"नाय खरवडनार," गॅब्रिएल म्हणाला आणि मला घेऊन घरी आला.

मी आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून होतो. एका दुपारी एमिली बाजारातून आली. टोपली खाली ठेवून तिने विचारले, "पोरगी एवढी सांगते, तर कर ना पातळ. भ्यातो कशाला?"

गॅब्रिएल माझ्याकडे बघत म्हणाला, "केनीच्या होडीची तळाची फळी मी पाच सूत ठेवली होती. बदलायची होती. मी तासली."

मला वाटले एमिली किंचाळेल. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला म्हायती हाय. भुसा मीच झाडला होता. काळा कुजका भुसा. किती तासलं ते कळत नाय काय मला?"

"मंग तीन वर्सं बोलली का नाय?"

"तू बोलशील म्हनून थांबली."

ती उठून आत गेली. गॅब्रिएल संध्याकाळपर्यंत तिथेच बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने पातळ सुरी माझ्या कडेच्या सांध्यात घातली आणि मला उघडले.

या वेळी त्याने जोएलचा नकाशा समोर ठेवला आणि त्यातले आकडे जसेच्या तसे माझ्या अंगावर उतरवले. प्रत्येक गोलात अर्धा मिलिमीटर राखून तो खरवडायचा, मग फळी कानाशी धरून टिचकी मारायचा, दोन्ही हातांनी किंचित वाकवून बघायचा. लाकूड काढता येते, परत लावता येत नाही, हे तो ब्रेंडाला पुन्हा पुन्हा सांगत होता. तीन मिलिमीटरजवळ आला की त्याच्या कपाळावर घाम यायचा. एकदा डाव्या बाजूला काच खोल गेली. त्याने माप लावले. दोन मिलिमीटरही नव्हते.

तो काच हातात धरून थांबला. शेडमध्ये दुसरे कोणी नव्हते. मला बंद केल्यावर ते कोणाला दिसणारही नव्हते. मग त्याने हाक मारली, "ब्रेंडा! इकडे ये. हितं माझ्याकडून जास्त गेलं."

ब्रेंडा आली, तिने बोट फिरवून पाहिले. दोघांनी मिळून त्या जागी आतून त्याच पाइनचा पातळ तुकडा चिकटवला.

केनीच्या पुण्यतिथीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ब्रेंडाने मला वाजवले. तिसरी ओळ सुरू झाली आणि माझा आवाज थेट मागच्या दारापर्यंत गेला. गायनमंडळातली क्रिस्टिना गाता गाता थांबली. एमिली डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसली होती. माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी एवढीच.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर रॉकी भेटला. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "केनीच गातो असं वाटलं, अंकल." गॅब्रिएलने त्याचा हात धरला आणि त्याला फळीबद्दल सगळे सांगितले. पाच सूत, डांबर, सगळे. सांगून झाल्यावर तो थांबून राहिला. मला वाटते, त्याला रॉकीच्या तोंडून पुन्हा लाटेचे ऐकायचे होते.

रॉकीने मान खाली घातली. "लाट नव्हती, अंकल," तो म्हणाला. "समुद्र गपगार होता. खालून पानी आलं. आम्ही दोघं उपसत होतो. केनी म्हणाला, डॅडीला सांगू नको."

एमिली मागेच उभी होती; तिनेही ते ऐकले. ती एकटीच पायऱ्या उतरून घरी गेली.

त्याला आता दोन वर्षे झाली. एमिली अजून त्याच घरात राहते, गॅब्रिएलला जेवण वाढते, पण जेवायला त्याच्याबरोबर बसत नाही. गॅब्रिएलने दुसरा व्हायोला केला नाही. बंदीचे दिवस आले की तो बंदरावर ओढलेल्या प्रत्येक होडीखाली वाकतो, फळ्यांवर टिचक्या मारतो आणि कुजलेल्या जागी खडूने फुली करतो. काही नाखवे, म्हणजे होडीचे मालक, फळी बदलतात. काही जण फुली पुसून टाकतात. तो दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा फुली करतो.

मला ब्रेंडा नीट सांभाळते. तुमच्या घरी एखादे वाद्य असेल तर तेही असेच सांभाळा. ते उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, त्याचा सरस सुटतो. वाजवून झाले की तारा पुसा. आणि मित्रांनो, तुमच्या हातून काही बिघडले तर ते त्याच दिवशी सांगा. बोलणी बसतील, बसू द्या. उशिरा सांगितलेले खरे ऐकायला तो माणूस असतोच असे नाही.