आवाजाची कातरण

समुपदेशक बाई म्हणाल्या, रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि स्वतःला चार चांगली वाक्यं ऐकवायची. मी खंबीर आहे. माझ्या जगण्याला अर्थ आहे. आज मी उठेन आणि कामाला लागेन. माझ्या लेकीसाठी मी पुरेशी आहे. बाईंचं काय जातंय सांगायला! इथे दात घासायचं जिवावर येतं, आणि मी म्हणे आरशातल्या त्या भुताची पाठ थोपटू.

नवरा वारल्यापासून माझं हे असं झालंय. पडद्यांच्या कारखान्यात मी कापड कापायचे, थरावर थर रचून. कात्री माझ्या हातात असली की मालकसुद्धा मध्ये तोंड घालत नसे. आता दुपार झाली तरी पाय जमिनीला लागत नाहीत. लेक दुसरीत आहे. एकदा दिवसभर तिला जेवायला वाढायचं राहिलं आणि माझ्या लक्षातच आलं नाही. मुद्दाम नाही हो केलं. कोरडा पाव चावत माझ्या पायाशी अभ्यास करत बसली होती, मला त्रास नको म्हणून बडबडतही नव्हती. त्याच दिवशी दादा येऊन तिला त्याच्या घरी घेऊन गेला. उठलीस की घेऊन जा, म्हणाला. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

आता शाळांचे प्रवेश सुरू झालेत. वहिनीचं म्हणणं, पोरीला कायमचं आमच्याच भागातल्या शाळेत घालू या, अशी लोंबकळत किती ठेवायची. वहिनी वाईट नाही. वाईट असती तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. रविवारी येतो, तेव्हा काय ते सांग, असं दादा म्हणून गेला होता.

दादा स्टुडिओत कामाला आहे. तिथे लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि ती रेकॉर्डिंगं साफ करणं याचं काम. वाचणाऱ्याचा श्वास, गिळलेला आवंढा, खुर्चीची कुरकुर, सगळं कापायचं आणि त्या जागी खोलीतली शांतता चिकटवायची. जेवताना कुणी भुरका मारला तरी याचं बोट कापायला हलतं, असं वहिनी त्याला चिडवते. आरसा मला झेपत नाही म्हटल्यावर त्यानेच डोकं चालवलं. तुझ्याच आवाजात वाक्यं रेकॉर्ड करू, रोज कानात घालून ऐकत जा, म्हणाला. माईक घेऊन पलंगावर बसला. मी पडल्या पडल्या तोंडदेखलं म्हटलं एकदाचं, आणि त्याने घरी नेऊन साफ करून फोनवर पाठवलं.

ऐकलं आणि माझं टाळकंच सटकलं. कोण ही बाई? आवाज माझा, पण श्वास नाही, अडखळणं नाही, वाक्यामागून वाक्य घडाघडा. जिला दमच लागत नाही ती मला सांगणार खंबीर असल्याचं. असशील बाई तू, म्हटलं, आणि फोन उशीखाली कोंबला.

रविवारी दादा आला तसं त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणत राहिला, अगं, किती निगुतीनं साफ केलं होतं. मी विचारलं, कातरण कुठाय? कारखान्यात आम्ही कापडाची कातरण लगेच टाकत नाही. हात कुठे चुकला ते कातरणीवरून कळतं. दादा म्हणाला, पुसून टाकलं. खोटं बोलला की लहानपणापासून याचे कान लाल होतात. मी त्याच्या कानांकडे बोट दाखवलं. शेवटी त्याने लॅपटॉप उघडला आणि कापलेले तुकडे लावले.

आधी माझा श्वास. मग आवंढा, पलंगाची कुरकुर. आणि मग अगदी हळू, माझाच आवाज: "खोटं." परत श्वास, परत "खोटं." प्रत्येक वाक्यामागे होतं ते. लेकीच्या वाक्यामागे दोनदा. मी असं म्हटल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं.

"तू ऐकलं होतंस हे?"

"ऐकल्याशिवाय कापता येत नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटली गं."

म्हणजे बाईंनी सांगितलेलं काम मी आधीपासूनच करत होते. उठता बसता स्वतःशी बोलत होते, न चुकता, आणि तेही एकच शब्द.

माईक लाव, म्हटलं. त्याने लावला. मी म्हटलं, मी खंबीर आहे. आणि थांबले. आतून ते "खोटं" आलंच. आज मी उठेन, म्हटलं. परत आलं. दादा कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून बसला होता.

"मला सध्या माझ्या लेकीला सांभाळता येत नाही."

वाट पाहिली. पंख्याचा आवाज येत होता, खाली कुणीतरी बादली आपटली. ते मात्र आलं नाही. यावं असं मला फार वाटत होतं हो. नाहीच आलं.

"मी तिची आई आहे," म्हटलं. तेव्हाही नाही आलं.

मग मात्र मला रडू आवरेना. रडतच दादाला म्हटलं, घाल तिला तुमच्याकडच्या शाळेत. त्याने डोळे पुसले आणि सवयीने हात लॅपटॉपकडे नेला.

"हे तिला ऐकव," मी म्हटलं. "आणि यातला एक श्वास जरी कापलास तर याद राख."

त्याने हात मागे घेतला आणि सगळं तसंच घेऊन तो गेला. तो गेल्यावर मी छताकडे बघत तीच दोन वाक्यं म्हणत राहिले. दोन्ही खरी होती. उठले मात्र नाही.