शेपटीकडचा खिसा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही एक हत्ती काढलाय. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत काढतात ना, तसा, पण कॉम्प्युटरवर. सोंड उजवीकडे, शेपटी डावीकडे. मग कॉम्प्युटरने तो हत्ती विणकामाच्या मशीनला सांगितला. मशीनला सुयांची लांबच लांब रांग असते. वरचा सरकता भाग इकडून तिकडे ढकलला की एक ओळ विणून होते. तुम्ही ढकलताय, ढकलताय, हात दुखतोय, आणि शेवटी कापड हातात येतं. बघता तर काय, हत्ती वळून उभा. सोंड असायला हवी तिथे शेपटी.

आता तुम्हाला कसं वाटेल? एका मुलीला अगदी तसंच वाटलं.

ही मुलगी पाचवीत होती. घरात सगळे तिला खारूताई म्हणत, कारण ती एका जागी बसायची नाही. बसायची ती फक्त आत्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, तीन मशीनं, भिंतभर लोकरीचे गोळे आणि खिडकीत एक कॉम्प्युटर. तिथे ती आजोबांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणत होती. आजोबा चष्मा कुठेही ठेवायचे आणि मग घरभर शोधायचे. म्हणून खारूताईने बेत केला होता की स्वेटरला डाव्या बाजूला खिसा शिवायचा आणि हत्तीची सोंड थेट खिशात गेलेली दाखवायची. म्हणजे आजोबांना आठवेल, चष्मा हत्तीकडे द्यायचा.

आणि आता खिशाच्या जागेकडे हत्तीची शेपटी होती.

"आत्या, हे असं का झालं?"

आत्याने कापड उलगडून पाहिलं. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "मला माहीत आहे. पण सांगणार नाही."

"तू सख्खी आत्या आहेस ना?"

"सख्खी आहे म्हणूनच. मला तुझी मदत हवी आहे."

आत्याचं काम असं होतं. ज्या प्रोग्रॅमवर खारूताईने हत्ती काढला, तो वापरणारी माणसं देशोदेशी पसरलेली होती. फार नाहीत, काही शे. अडलं की ती फोनवरच्या एका ग्रुपमध्ये विचारायची. पण तिथलं उत्तर दुसऱ्या दिवशी गप्पांखाली गाडलं जायचं आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारायचं. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, प्रश्नोत्तरांसाठी इंटरनेटवर एक चांगली जागा शोधायची. शोधायचं काम आत्याच्या गळ्यात पडलं. तिने दोन जागा निवडल्या होत्या आणि दोन्हींची परीक्षा घ्यायची होती.

"खोटा प्रश्न विचारून परीक्षा होत नाही," आत्या म्हणाली. "ज्याला खरंच अडलंय त्यानेच विचारायला हवं. दोन्हीकडे विचार."

पहिली जागा म्हणजे मोठा गप्पांचा कट्टा. खारूताईने तिथे हत्तीचा फोटो टाकून लिहिलं, 'आजोबांच्या स्वेटरवर माझ्या हत्तीची शेपटी सोंडेच्या जागी का आली?'

धडाधड उत्तरं आली. एक जण म्हणाला, सुया बदल. दुसरी म्हणाली, लोकर ओली असेल. तिसरा म्हणाला, मशीन बंद करून चालू कर. बसकाकांनी, म्हणजे आयुष्यभर बस चालवून आता मोजे विणणाऱ्या काकांनी लिहिलं, 'हत्तीला नको, आजोबांनाच वळव.' त्यावर सगळे हसले. मग कुणाची तरी मांजर लोकरीच्या टोपलीत झोपल्याचा फोटो आला आणि हत्ती वर वर सरकत दिसेनासा झाला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," खारूताई म्हणाली. हे ती आजोबांकडून शिकली होती. पण तिला मजा आली होती.

दुसरी जागा शिस्तीची. तिथे प्रश्न विचारायचा, लोक उत्तरं देणार, चांगल्या उत्तराला मतं मिळून ते वर येणार. गप्पा नाहीत, मांजरी नाहीत. खारूताईने तोच प्रश्न टाकला. पाणी पिऊन परत येते तोवर प्रश्न बंद. खाली एक ओळ होती: 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. पाहा: नमुन्याचे आडवे प्रतिबिंब.'

ती ओळ लिहिली होती मास्तरांनी. मास्तर आत्याच्या ग्रुपमधलेच. ते गणित शिकवायचे, प्रोग्रॅममधलं जवळजवळ सगळं त्यांना येत होतं, आणि ग्रुपमधले जुने प्रश्न आणि उत्तरं त्यांनीच इथे आणून ठेवली होती.

खारूताईचे कान लाल झाले. तिने पुढे काही वाचलंच नाही. कापडाची घडी केली, हत्ती आत आणि पाठ बाहेर, आणि घडी कपाटात टाकली. "मी आता कुणालाच काही विचारणार नाही. आणि विणणारही नाही."

आत्याला वाटलं, परीक्षा घ्यायला गेलो आणि पोरगीच हातची गेली.

त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर सगळ्यांची बैठक होती. चौकटीचौकटीत चेहरे. आत्याने झालं ते सांगितलं.

मास्तर म्हणाले, "पण उत्तर तिथेच होतं. एक बोट दाबायचा अवकाश."

"होतं ना. पण तुम्ही दार तिच्या तोंडावर आपटलंत आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवलीत."

मागून खारूताई डोकावली. ती रागावलीच होती, पण ऐकत होती. "मी आधी शोधलं होतं. हत्ती शोधला, शेपटी शोधली, उलटं तोंड पण शोधलं. काहीच नाही मिळालं."

मास्तरांनी विचारलं, "'प्रतिबिंब' नाही शोधलंस?"

"ते सुचलं असतं तर विचारलं कशाला असतं?"

बसकाका इतके हसले की त्यांची चौकट हलली. "मास्तर, बसच्या पाटीवर आम्ही गावाचं नाव लिहायचो. इंजिनाचं नाही."

मास्तरही हसायला लागले. "खरंय. मी उत्तराला जे नाव दिलं, ते उत्तर येणाऱ्यालाच कळेल असं आहे. बाळ, तुझा प्रश्न आता बंदच राहू दे, पण पुसायचा नाही. पुढे कुणी 'शेपटी' शोधली की तुझ्या प्रश्नाशी येईल आणि तिथून उत्तराकडे जाईल. तूच पाटी."

मग निवड फार वेळ लांबली नाही. उत्तरांसाठी शिस्तीची जागा, मांजरींसाठी जुना फोनचा ग्रुप. फक्त आत्याने एक अट घातली: आधी दोन शब्द प्रेमाने बोलायचे, उत्तर विचारणाऱ्याच्या भाषेत थोडक्यात सांगायचं, आणि मगच प्रश्न बंद करायचा.

"सुरुवात कुणी करायची?" आत्याने विचारलं. मास्तर आधीच लिहायला लागले होते.

'खारूताई, तुझा हत्ती देखणा आहे. दुकानाच्या काचेच्या दारावर नाव लिहिलेलं असतं, ते दुकानाच्या आतून वाचून बघ. उलटं दिसतं ना? मशीनवर विणताना कापडाची मागची बाजू आपल्याकडे असते, पुढची पलीकडे. आपण दुकानाच्या आत उभे असतो. म्हणून विणायच्या आधी प्रोग्रॅममध्ये हत्तीचं तोंड फिरवून घ्यायचं. कसं, ते खाली दिलंय.'

खारूताईने ते वाचलं. मग खाली दिलेलं वाचलं. मग कपाट उघडलं.

कापड उसवताना लोकर नुसती पळत होती आणि आत्या गोळा गुंडाळत होती. दुसऱ्या दिवशी नवा हत्ती मशीनवर उतरला. ह्या खेपेला सोंड खिशात.

आजोबांनी स्वेटर घातला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि हत्तीला थोपटलं. "सांभाळ रे बाबा, माझा भरवसा नाही."

खारूताई परत कॉम्प्युटरपाशी आली, तर नव्या जागेवर एक नवा प्रश्न. कुणी एक नवखा माणूस, फोटोत निळ्या टोपीवर जहाज. 'माझं जहाज बंदरात यायच्या ऐवजी बाहेर का निघालंय?'

आत्याने खुर्ची पुढे ओढली. खारूताई त्या खुर्चीत आधी बसली, बाह्या वर सारल्या आणि लिहू लागली, 'जहाज फार छान आहे. शिडाची पट्टी कशी काढलीत ते मलाही सांगा. आता असं करा, एखाद्या दुकानात जा…'