बाजरीत लपवलेले सेल

मी जयसिंगच्या घरचा रेडिओ बोलतोय. जयसिंग फौजेत होता. एका सुट्टीत त्यानं मला मिलिटरी कॅन्टीनमधून गावी, शिरूरजवळच्या कवठे येमाईला आणलं आणि वडिलांच्या, म्हणजे आबांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी उभा जन्म मेंढरांमागं काढलेला. म्हातारपणी त्यांना माझी सोबत झाली.

सुरुवातीची वर्षं मी गाणी लावली, बाजारभाव सांगितले. मग नव्व्याण्णवचा उन्हाळा आला. कारगिलला लढाई सुरू झाली आणि जयसिंगची तुकडी तिकडं गेली.

तेव्हापासून संध्याकाळच्या बातम्यांना आमच्या ओसरीत माणूस मावेना. सगळे माझा आवाज ऐकायचे, पण माझ्याकडं नीट बघायची ती एकटी पूनम, जयसिंगची दहा वर्षांची लेक. शाळेत पोरं तिला विचारायची, "तुझं वडील टीव्हीत दिसलं का?" मैदानात लढाई-लढाई खेळताना तिला कुणी शत्रू होऊ देत नव्हतं, मरूही देत नव्हतं. शेवटी तिनं खेळायलाच जायचं सोडलं.

घरी वेगळंच. बातम्या संपल्या की तिची आई सुषमा ताट सारायची आणि गोठ्यात जाऊन बसायची. पूनम ते रोज दाराआडून बघायची.

एका दुपारी घरात कुणी नसताना पूनमनं माझं झाकण उघडलं, तिन्ही सेल काढले आणि बाजरीच्या कणगीत खोल खुपसले. संध्याकाळी आबांनी बटण फिरवलं, थापटलं, हलवलं. मी गप्प. जमलेली माणसं सरपंचाच्या टीव्हीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी आबा मला पिशवीत घालून एसटीनं शिरूरला घेऊन गेले. दुरुस्तीवाल्यानं झाकण काढलं.

"आबा, ह्यात सेलच न्हाईत."

आबांनी रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं. दुरुस्तीवाल्यानं नवे सेल काढले, तर आबा म्हणाले, "नको. घरी हायेत."

घरी आल्यावर ते सुनेला म्हणाले, "पार्ट पुण्यास्नं यायचाय म्हंतोय. येळ लागंल." पूनम चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

पण सुषमाचं जेवण काही वाढलं नाही. ती आणखीच कमी बोलू लागली. पाण्याला जाताना कुणी बायका कुजबुजल्या की थांबायची.

चार-पाच दिवसांनी दळणाला बाजरी काढताना तिच्या हाताला सेल लागले. तिनं ते ओच्यात धरले आणि पूनमला हाक मारली.

"तू काढलंस?"

"व्हय."

"का गं?"

"बातम्या लागल्या की तू जेवत न्हाईस."

सुषमा जमिनीवर बसली. "अगं, ह्यो बंद पडला तवापासनं मला वाटतंय, तुमास्नी समद्यांस्नी कायतरी कळलंय आन् मलाच सांगत न्हाईसा."

ओसरीतून आबा म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. मला ठाव होतं."

सुषमा त्यांच्यावर रागावली नाही. सेल पूनमच्या हातात देऊन म्हणाली, "तूच घाल. आन् आजपासनं माझ्याजवळ बसून ऐकायचं. जे आसंल ते दोघींनी मिळून."

त्या संध्याकाळी मी कुठल्याशा लांबच्या गावच्या शहीद जवानाचं नाव सांगितलं. त्याच्यासाठी दोघी रडल्या. मग पूनमनं भाकरी मोडून अर्धी आईपुढं ठेवली आणि आईनं ती खाल्ली.

लढाई संपली आणि जयसिंग दिवाळीला घरी आला. तोफांच्या आवाजानं त्याचा उजवा कान गेला होता. तो मला डाव्या कानाशी धरून गाणी ऐकायचा. एकदा मध्येच बातम्या लागल्या, तशी पूनमनं पटकन माझं बटण धरलं.

"राहू दे," जयसिंग म्हणाला. "आमच्या तुकडीतली काही जणं आजून दवाखान्यात हायेत. ऐकू दे."

मग ती त्याच्या डाव्या बाजूला सरकून बसली आणि त्याला ऐकू न आलेला शब्द कानात सांगू लागली.

आता दोन हजार आठ साल आहे. पूनम शिरूरला नांदते, घरात मोबाइल आलेत आणि मी फडताळात धूळ खात पडलोय. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. पुन्हा कधी कुणा घरचा माणूस सीमेवर गेला आणि मोठी माणसं बातम्यांना गोळा झाली, तर दाराआड उभ्या असलेल्या लेकराला आत बोलवा. ते सगळं ऐकत असतं. त्याला आपल्याजवळ बसवून घ्या.