नहरीच्या बंब्याला सिमेंट कोणी लावलं?

मित्रांनो, आज मी तुम्हाला गोड गोष्ट सांगणार नाही, कारण मी रागावलेलो आहे. मी जुन्या शहरातला एक बंबा आहे. विटा आणि चुन्याचा, दोन मजले उंच, नहरीच्या पाण्याचा मनोरा. तुम्ही रिक्षातून माझ्या बाजूने जाता आणि मला पडक्या भिंतीचा तुकडा समजता. त्याचा मला राग नाही. राग कशाचा आहे, ते ऐका.

मला बांधणाऱ्या गवंड्यांनी चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवला होता. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून माझ्यापर्यंत यायचं; या नळवाटेलाच नहर म्हणतात. माझ्या पोटातून वर चढायचं, कोंडलेली हवा सोडायचं आणि दुसऱ्या अंगाने उतरून पायाशी असलेल्या हौदात पडायचं. वीज नाही, डिझेल नाही, धूर नाही. लोक घागरी भरताना मला दुवा द्यायचे.

मग घरोघरी नळ आले. हौदावर कचरा पडू लागला, माझ्या अंगावर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या. तरीही पाणी वाहत होतं, हौद भरत होता. माझ्या समोरच्या घरातली जैतुनबी रोज दोन बादल्या भरून न्यायची आणि अंगणातल्या लिंबाला घालायची. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात तिचं लिंबाचं झाड कधी सुकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझं सुशोभीकरण झालं. माणसं आली आणि त्यांनी माझ्या अंगावर बोटभर जाड सिमेंट थापलं. वर गुलाबी रंग दिला. लोकांना बसून फोटो काढता यावेत म्हणून हौद काँक्रीटने बुजवला आणि वर रंगीत फरशा बसवल्या. जैतुनबीचा भाऊ इब्राहीम चुन्याचं काम करणारा गवंडी. तो धावत आला.

"सिमेंट नक्को, भाई! ये चुने की दीवार है, इसकू सांस लगती," तो म्हणाला.

"चाचा, बाजूला व्हा. वरून ऑर्डर आहे," मुकादम म्हणाला.

मित्रांनो, हौद बंद झाला, पण डोंगर काही बंद झाला नव्हता. पाणी येतच राहिलं. वाट सापडेना म्हणून ते आजूबाजूच्या घरांच्या पायात शिरलं. जैतुनबीच्या स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत ओली झाली, पिठाच्या डब्याला बुरशी आली. सिमेंटच्या आत माझ्या विटा कुजल्या आणि अंगावर उभी भेग पडली. बाहेर मात्र टँकरच्या रांगा. पायाखाली पाणी, आणि लोक टँकरमागे पळताहेत!

जैतुनबी पालिकेच्या कचेरीत तीनदा गेली. तिसऱ्या वेळी भिंतीतून ठिबकलेलं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली. सुदर्शन नावाच्या इंजिनिअरने बाटलीकडे पाहिलंही नाही.

"मावशी, ते ड्रेनेज आहे. नहर कधीच मेली."

"ड्रेनेज असतं तर वास आला असता. हुंगून तर बघा, साहेब!"

त्याने हुंगलं नाही. पंधरा दिवसांनी माझ्या गुलाबी अंगावर नोटीस चिकटली: बांधकाम धोकादायक, पाडण्यात येईल. आधी गळा दाबायचा आणि मग म्हणायचं, याला श्वास घेता येत नाही, पाडा!

ठरलेल्या दिवशी सकाळी जेसीबी आला आणि त्याच्यामागून सुदर्शन. जैतुनबीने घरातून खुर्ची आणली आणि माझ्यासमोर मांडून बसली. शेजारी रोपं विकणारी चतुराबाई तिचं स्टूल घेऊन आली.

"मला आधी उचला, मंग बंब्याला हात लावा," चतुराबाई म्हणाली. "लई झालं आता."

एवढ्यात इब्राहीमने पहार घातली आणि एक फरशी उपटली. सुदर्शन ओरडला, "चाचा, सरकारी काम आहे! हात लावू नका!"

"सरकारी हौद किसने बंद किया, पहले वो बोलो," इब्राहीम म्हणाला आणि त्याने खालच्या काँक्रीटवर घण घातला.

कितीतरी घाव बसले. काँक्रीट तडकलं. आधी काळपट गाळ वर आला, मग गढूळ आणि थोड्या वेळाने नितळ पाणी. ते फरशांवरून वाहत सुदर्शनच्या बुटांपर्यंत गेलं. चतुराबाईने ओंजळीत घेऊन हुंगलं आणि ओंजळ त्याच्यासमोर धरली. या वेळी त्याला हुंगावं लागलं. तो खाली वाकला आणि त्याने पाण्यात हात घातला.

"माझ्या नकाशात ही लाईनच नाही," तो हळूच म्हणाला.

"मग नकाशा बदला. बंबा कशाला पाडता?" जैतुनबी म्हणाली.

त्याने जेसीबी बंद करायला लावला.

पाण्याची तपासणी झाली. ते पिण्याजोगं नव्हतं, पण धुण्याभांड्याला आणि झाडांना उत्तम होतं. इब्राहीमने दोन महिने छिन्नीने माझं सिमेंट सोललं. गल्लीतल्या बायांनी चुना चाळला. पण माथ्यावरच्या कुजलेल्या विटा वाचल्या नाहीत, त्या उतरवाव्या लागल्या. मी हातभर ठेंगणा झालो, तो कायमचाच. गल्लीत आठवड्याला तीन टँकर यायचे, आता एक येतो. जैतुनबीची भिंत वाळली.

मग समारंभ झाला. साहेब लोक आले. "आम्ही वारसा जपला, पर्यावरण जपलं," असं एक पाहुणे म्हणाले. जैतुनबी उठली, माइकजवळ गेली आणि तिने एवढंच विचारलं, "सिमेंट कोणी लावलं, त्याचं नाव सांगा." माइक बंद झाला. नाव आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मला हार घालू नका. पलीकडच्या गल्लीत माझ्यासारखाच एक बंबा आहे. काल त्याच्याभोवती बांबूंची परांची बांधली आणि आज सकाळी सिमेंटची पोती उतरली आहेत. घरी जाऊन आईला, बाबांना, आजोबांना सांगा. आजच सांगा. उद्या ते गिलावा सुरू करतील.