उपासाची गोळी

श्रावणातल्या शनिवारी सकाळी प्रांजल स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "आई, आज पण देवपूजा तुम्हीच करा."

महिन्यात तिसऱ्यांदा! मी हातातलं तांब्याभांडं खाली ठेवलं. "अगो, परत?"

"थोडंसंच जातंय हो. होईल बंद."

"होईल बंद म्हणे! चप्पल घाल, डॉक्टरकडे जायचंय."

माझ्या थोरल्या बहिणीने असंच अंगावर काढलं होतं, दोन वर्षांत गेली. हे मी प्रांजलला सांगितलं नाही.

प्रांजल माझी सून, सुयोगची बायको. मेट्रो चालवायचं ट्रेनिंग घेते. हे मी आमच्या दहिसरच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालंय. पण मला त्याआधी नातवंड हवं होतं, उगाच नाही कशाला म्हणू? म्हणून तर श्रावणातले सोमवार-शनिवार तिला धरायला लावले. आणि उपास म्हणजे कडक! आमच्या कणकवलीच्या घरी उपासाला औषधसुद्धा घेत नाहीत, हेही मीच बजावलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर मधुवंती म्हणाल्या, "शकुताई, जरा बाहेर बसता का?"

"का? मी काय परकी आहे?" मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

त्यांनी प्रांजलला विचारलं, "बसू दे ना यांना?" ती नको कशी म्हणणार? "बरं, काही गोळ्या चालू आहेत?"

प्रांजलने माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे, आणि एकदम बोलून टाकलं, "पाळणा लांबवायच्या. मे महिन्यापासून. ट्रेनिंग संपेपर्यंत."

मी खुर्चीतून अर्धी उठलेच.

"रोज घेतेस ना, न चुकता?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज. फक्त उपास सोडून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उपास किती?"

"आठवड्याला दोन. संकष्टी वेगळी."

बाई आधी हसल्या, मग त्यांनी प्रांजलला नीट तपासलं, टेस्टही केली. "दिवस नाहीत, बाकी सगळं ठीक आहे. अगं, गोळी अशी मधूनमधून चुकली की रक्त जाणारच. रोज ठरल्या वेळेला घे. तरी थांबलं नाही तर परत ये. आणि अशीच चुकवत राहिलीस तर दिवस राहतील बरं!"

ठीक आहे हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. त्यामुळे रिक्षात बसल्यावर भांडायला ताकद आली.

"मला फसवलंस!"

"हो आई. फसवलं." डोळ्यांत पाणी.

"मग मेल्या गोळ्या उपासाला पण गिळायच्या होत्यास ना!"

"देवापुढे हातावर पाणी सोडलं होतं. तुम्हाला एक वेळ फसवीन, त्याला कसं फसवू?"

मला हसूच फुटलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला इतकी हसले.

सोमवार उजाडला. प्रांजलने गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली, पाण्याचा ग्लास भरला आणि नुसतीच बसून राहिली.

"आई, आज उपास आहे. काय करू?"

देवा रे महाराजा! मी फक्त गप्प बसायचं होतं. काय होईल ते डॉक्टरांनीच सांगितलं होतं. क्षणभरात मी नातीला मांडीवर घेतलं, तेल लावून न्हाऊसुद्धा घातलं. समोर प्रांजल बसलेली, युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, नखं कुरतडतेय. सुयोगला हिच्याएवढं चांगलं काही आजवर मिळालेलं नाही.

"घे ती गोळी," मी म्हटलं. "तुझा उपास मी करते."

"आणि तुमचा?"

"तो पण मीच. शहाणपणा पुरे, गाडी कोण चालवणार?"

तिने गोळी घेतली, मला कडकडून मिठी मारली आणि धावत सुटली.

मी देवळात गेले. आधीचे सगळे सोमवार मी पिंडीपुढे एकच मागणं मागत होते. त्या दिवशी महादेवाला म्हटलं, तिचं ट्रेनिंग होऊ दे आधी, मला काही घाई नाही.

खोटं बोलले त्याच्याशी. मला फार घाई आहे.